आईसाठी न रडलेले बाबा टीव्हीवरच्या पत्रकारासाठी का रडतायत?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. पहिल्यांदा वाटलं हा बाबांबद्दलचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात तुम्हीही आहात आणि आईसुद्धा आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचे बाबा ६८ वर्षांचे, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, विश्रांतवाडीला एकटे राहतात, ताई वाकडला. २०२१ च्या पाडव्यानंतर आठवडाभरात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई गेली. तेव्हा बाबांनी डोळ्यातून टिपूस काढलं नाही, सगळे कागद, दाखले, बँक, पेन्शन एकट्याने निस्तरलं. आणि यंदा, म्हणजे २०२२ मध्ये, १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, एनडीटीव्हीचे लखनौचे पत्रकार कमाल खान हार्ट अटॅकने गेले तर बाबा त्या दिवसापासून सावरलेच नाहीत. तीन आठवडे झाले. तिळगुळाचा डबा उघडलेला नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर त्यांचे जुने रिपोर्ट बघत बसतात, सकाळचं फिरणं बंद. ताई विचारतायत हे नॉर्मल आहे का, डॉक्टरला दाखवू का. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, "खरं सांगायचं तर मला राग येतोय, आणि त्या रागाची लाजही वाटतेय."

मी पुण्यात एकोणीस वर्षं हेच काम करतेय, आधी एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर म्हणून आणि नंतर घरातलं माणूस गेलेल्यांसोबत काउन्सेलिंग. त्या अनुभवावरून सांगते, पण बाबांना मी भेटलेले नाही हे लक्षात ठेवून वाचा. त्यांची झोप, जेवण, आधीची दुखणी, गोळ्या, हे बघितल्याशिवाय कुणीच ठामपणे सांगू शकत नाही.

आधी सोप्पं उत्तर. टीव्हीवरच्या माणसासाठी इतकं वाईट वाटणं खरं असतं, त्यात नाटक नसतं आणि म्हातारचळही नसतो. १९५६ साली हॉर्टन आणि वोल नावाच्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी यावर लिहिलं होतं, टीव्ही तेव्हा अगदी नवीन होता. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावरचा माणूस थेट कॅमेऱ्यात बघून बोलतो, ठरलेल्या वेळी घरात येतो, आणि बघणाऱ्याच्या मनात हळूहळू त्याच्याशी ओळख तयार होते, भले ती एकाच बाजूने असेल. आपल्याकडे हे समजवायला पुस्तक नको. ज्यांच्या घरी प्रदीप भिड्यांच्या आवाजात बातम्या लागल्या की आई कुकर लावायची त्यांना विचारा. तो आवाज म्हणजे घरातलं घड्याळ होता.

पत्रकाराचं जाणं नटाच्या जाण्यापेक्षा थोडं वेगळं लागतं असं मला वाटतं. नटाचा सिनेमा परत लावता येतो आणि तो तसाच्या तसा लागू पडतो. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, म्हणून पत्रकाराकडून आपल्याला उद्याचीच अपेक्षा असते. दूरदर्शनवर 'आज तक' सुरू झालं तेव्हा एस. पी. सिंह कार्यक्रम संपवताना उद्यापर्यंत वाट बघायला सांगायचे. जून १९९७ मध्ये ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. माझ्या ओळखीतले एक काका अजून सांगतात की त्यानंतर कित्येक दिवस रात्री त्या वेळेला ते उगाच उठून पाणी प्यायचे. वाट बघायची सवय लागलेली असते ना, ती माणसाबरोबर लगेच जात नाही. कमाल खान यांचं तर असं की आदल्या रात्री ते यूपीच्या निवडणुकीवर टीव्हीवर बोलत होते आणि सकाळी ते नाहीत. वय ६१. बाबांनी त्यांना रात्री ऐकलं आणि सकाळी ही बातमी. मनाला वळायला वेळच मिळाला नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या दोन वाक्यांकडे येते, जी तुम्ही मध्येच सहज लिहून टाकलीत.

पहिलं, बाबांची कानपूरला बदली झाली होती आणि तुमचा जन्म तिकडचा. सात वर्षं कानपूरच्या क्वार्टरमध्ये. आई शेजारणींकडून हिंदी शिकली, आणि पुण्यात परत आल्यावरसुद्धा लखनौ-कानपूरची बातमी लागली की हाक मारायची, "अहो या लवकर, आपल्याकडची बातमी आहे." आपल्याकडची! आणि ती बातमी वर्षानुवर्षं सांगायला कोण यायचं, तर कमाल खान. त्यांची ती सावकाश, अदबशीर भाषा, मध्येच एखादा शेर, शेवटी दोनच वाक्यं पण नेमकी. तुमच्या आईबाबांच्या संसारातली सुरुवातीची वर्षं ज्या बोलीत गेली ती बोली रोज घरात आणणारा तो माणूस होता. आई गेल्यावरही तो येत राहिला. म्हणजे नऊ महिने बाबा जेवायला बसले की समोरची खुर्ची रिकामी होती पण तो आवाज होता. चौदा तारखेला तोही थांबला.

दुसरं वाक्य बाबांचं आहे, तुम्ही म्हणता ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि तुम्हाला ते टोचलं. "त्याला निदान लोकांनी निरोप तरी दिला."

ताई, या वाक्यापाशी जरा थांबा. तुम्हाला त्यात आईपेक्षा परका माणूस मोठा केलेला दिसला, म्हणून टोचलं. मला त्यात आईच दिसतेय. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वैकुंठ स्मशानभूमीत रांगा होत्या, पीपीई घातलेली माणसं नेत होती, नातेवाइकांनी लांबून हात जोडायचे. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही स्वतः पॉझिटिव्ह होतात म्हणून जाऊ शकला नाहीत, बाबा एकटे गेले होते आणि त्यांना चेहरासुद्धा दिसला नाही. दहावं उरकलं ते गुरुजी मोबाईलवर आणि बाबा हॉलमध्ये. कुणी समाचाराला आलं नाही, यायला परवानगीच नव्हती. कुणी कडू घास घेऊन आलं नाही. फोन आले असतील, पण फोनवर माणूस "हो हो, ठीक आहे, काळजी घ्या" एवढंच बोलतो. आणि मग नऊ महिन्यांनी एक माणूस जातो, त्याच्यासाठी टीव्हीवर लोक उघडपणे रडतात, अख्खा दिवस त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, लखनौत माणसं जमतात. बाबांनी आईनंतर पहिल्यांदा, माणूस गेल्यावर जे व्हायला हवं ते होताना बघितलं, आणि आपल्या बायकोचं यातलं काहीच झालं नाही हे त्यांच्या अंगावर आलं असणार. असणार म्हणते, कारण खात्री तेच देऊ शकतात.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये, एक गोष्ट सांगते (ओळख पटणार नाही अशी बदलून). एक मावशी माझ्याकडे गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आल्या होत्या, सारख्या रडायच्या. बोलता बोलता डिसेंबर १९८६ पर्यंत पोचलो. त्या वर्षी त्यांचं बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. घरात सगळे म्हणाले विसर, दुसरं होईल, आणि त्या रडल्या नाहीत. मग १३ डिसेंबरला स्मिता पाटील गेल्याची बातमी आली. स्मिता पाटील पुण्याच्या, सिनेमात जायच्या आधी दूरदर्शनला मराठी बातम्या द्यायच्या, मावशींनी त्यांना तेव्हापासून पाहिलेलं. एकतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी मी दिवसभर रडले आणि कुणी मला गप्प केलं नाही, कारण सगळा वाडाच रडत होता." तीस-पस्तीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण स्वतःच्या बाळासाठी रडलो नाही आणि नटीसाठी रडलो, म्हणजे आपल्यात काहीतरी खोट आहे. मी त्यांना एवढंच विचारलं, त्या दिवशी रडताना डोळ्यासमोर कोण होतं? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. मी माझ्या भाषेत त्याला बिनसुतकाचं दुःख म्हणते. आपल्याकडे सुतक, दहावं, तेरावं, दुखवटा हे सगळं असतं त्याचा एक उपयोग असा की त्या माणसाला काही दिवस काही न करण्याची आणि रडण्याची मुभा मिळते. बाबांना आईच्या वेळी ती मुभा सरकारी नियमांनी मिळू दिली नाही आणि आता मिळत नाहीये कारण कमाल खान त्यांचे कोण? दोन्हीकडून दार बंद.

म्हणून "हे नॉर्मल आहे का" याचं माझं उत्तर असं, की तीन आठवडे हा काळ आपण कुणासाठी मोजतोय त्यावर आहे. पत्रकारासाठी म्हणाल तर तीन आठवड्यात काहीच काळजी नाही. आईसाठी म्हणाल तर दहा महिने होत आलेत. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं नवं वर्गीकरण, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झालंय आणि त्यात लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे, त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले हवेत आणि रोजचं जगणं अडलेलं हवं. बाबांचं जगणं चौदा तारखेपर्यंत अडलं होतं का? तुम्ही लिहिलंय की ते स्वयंपाक शिकले, पेपर वाचायचे, फिरायला जायचे. हे चांगलं लक्षण आहे, आणि मला वाटतं नऊ महिने जे साचून राहिलं होतं ते आता वाहतंय. पण वाहताना माणूस दमतो, म्हणून काही गोष्टींवर लक्ष ठेवा. वजन उतरणं, सलग रात्री झोप नसणं, आंघोळ-जेवण टाळणं, गोळ्या घ्यायचं बंद करणं. आणि "आता मी तरी कशाला राहू" या अर्थाचं काहीही बोलले तर ते वयाचं बोलणं म्हणून सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि त्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका.

तुम्ही असंही लिहिलंय की ते मध्येच रडतात आणि अर्ध्या तासाने क्रिकेट बघत बसतात, म्हणून तुमच्या मिस्टरांना वाटतं हे सगळं लक्ष वेधून घ्यायला आहे. तसं नसतं हो. दुःखात माणूस असाच आत-बाहेर करतो, थोडा वेळ त्यात बुडतो, थोडा वेळ बाहेर येऊन श्वास घेतो. स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये हेच मांडलंय की असं आलटून-पालटून होणं हीच सावरण्याची रीत आहे. मॅच बघतायत तर सोबत बसून बघा.

फिरणं बंद झालंय त्याचं कारण मला वेगळं वाटतं. धडधाकट माणूस, रात्री कामावर, सकाळी हार्ट अटॅक, हे ऐकल्यावर ६८ वर्षांच्या एकट्या माणसाला काय वाटेल? रात्री काही झालं तर दार कोण उघडेल, हेच. हे विचारायला पुरुषांना जड जातं, तुम्हीच विचारा. कन्नड नट पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये हार्ट अटॅकने गेले, तेव्हा बंगळुरूत हृदय तपासून घ्यायला हॉस्पिटलांत रांगा लागल्या होत्या, ती भीतीसुद्धा शोकाचाच भाग असते. मी डॉक्टर नाही म्हणून एवढंच सांगते की नेहमीच्या फिजिशियनकडे एकदा घेऊन जा, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण रिपोर्ट चांगला आला की "बघा, तुम्हाला काही होणार नाही" असं वचन देऊ नका. अमेरिकेत टिम रसर्ट म्हणून फार लाडके टीव्ही पत्रकार होते, 'मीट द प्रेस' कार्यक्रम सोळा वर्षांहून जास्त चालवला, १३ जून २००८ ला रविवारच्या कार्यक्रमाची तयारी करताना ऑफिसातच कोसळले, वय ५८. एप्रिलच्या शेवटी त्यांची स्ट्रेस टेस्ट व्यवस्थित आली होती. रक्तवाहिनीतला एक थर अचानक फुटून गुठळी झाली, आणि असं काय होणार आहे ते स्ट्रेस टेस्टमध्ये दरवेळी दिसतंच असं नाही. बाबा बातम्या बघणारे आहेत, त्यांना अशी उदाहरणं माहीत असतात, तुमचं खोटं आश्वासन त्यांना लगेच कळेल. त्यापेक्षा शेजाऱ्यांकडे एक चावी ठेवा, रात्रीचा एक फोन ठरवा, याने भीती जास्त कमी होते.

मोबाईल काढून घेऊ नका. ते रिपोर्ट बघणं म्हणजे त्यांचं भेटायला जाणं आहे. पण रात्री दोन पर्यंत नको, म्हणून जमेल त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जा आणि म्हणा, बाबा, मला त्यांचा एक रिपोर्ट दाखवा, तुम्हाला आवडलेला. मग गप्प बसून बघा. संपल्यावर "चांगला होता" म्हणून उठू नका, विचारा, कानपूरच्या घरात टीव्ही कुठे ठेवला होता? आई कुठे बसायची? कानपूरचं नाव निघालं की आई आपोआप खोलीत येईल, तुम्हाला ओढून आणावी लागणार नाही. कदाचित पहिल्या दिवशी ते टाळतील. टाळू द्या, परत दोन-तीन दिवसांनी जा.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्या पत्रकाराबद्दल वाकडं लिहिलं आणि बाबांनी ग्रुप सोडला, त्यावर तुम्ही त्यांना "कशाला मनाला लावून घेता" म्हणालात. इथे मी बाबांच्या बाजूने आहे. ३० एप्रिल २०२१ ला 'आज तक'चे अँकर रोहित सरदाना गेले तेव्हाही हेच झालं होतं, सहकारी स्टुडिओत रडत होते आणि इकडे लोक त्यांच्या मतांचा हिशोब काढत होते. सरदाना आणि कमाल खान यांचे प्रेक्षक वेगळे, पण दोघांच्याही प्रेक्षकांना दुःखाच्या पहिल्या दिवशी हे ऐकावं लागलं. कुणाच्या मयताच्या दारात उभं राहून कुणी असं बोललं असतं का? बाबांना ग्रुपमध्ये परत घालू नका, त्यांना यायचं तेव्हा येतील.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, १० मार्च २०२२. यूपीच्या निवडणुकीचा निकाल त्या दिवशी आहे. त्या दिवशी बाबा टीव्ही लावतील, सगळी चॅनलं ओरडत असतील आणि ज्याने शांतपणे समजावून सांगितलं असतं तो नसेल. शक्य असेल तर रजा टाका आणि त्या दिवशी तिकडे जेवायला असा.

आता तुमचा राग. त्याची लाज वाटून घेऊ नका, तो मला अगदी समजतो. सप्टेंबर २०२० मध्ये इथे पुण्यात टीव्ही नाईन मराठीचे पांडुरंग रायकर गेले, जम्बो कोविड सेंटरमध्ये, कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही म्हणून शहरभर संताप झाला होता. त्या महिन्यात माझ्याकडे आलेली बरीच माणसं त्यांना कधी भेटलेलीसुद्धा नव्हती आणि तरी रागाने थरथरत होती. बोलायला लागली की कळायचं की प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी बेड शोधताना गेलंय किंवा तसं होईल याची धास्ती आहे. राग जिथे काढता येतो तिथे निघतो. तुमचाही तसाच निघतोय, बाबांवर. तुम्ही आईला शेवटचं बघितलं नाही. तुम्हीही रडला नसाल फारशा, वाकडच्या खोलीत एकटं पडून पंख्याकडे बघत रडता येतं का? नऊ महिने तुम्ही वाट बघत होतात की बाबा एकदा रडतील आणि मग आपल्यालाही त्यांच्या गळ्यात पडून रडता येईल. ते रडले, पण तुम्हाला वाटलं दुसऱ्याच कुणासाठी. हे मी चुकीचं वाचलं असेल तर सांगा, मी मान्य करीन.

शेवटी एक करता येण्यासारखं सांगते. पाडवा यंदा, २०२२ मध्ये, २ एप्रिलला आहे, म्हणजे आईचं वर्षश्राद्ध त्याच्यानंतर लगेच चैत्रातच येणार, गुरुजींकडून तिथी बघून घ्या. गेल्या वर्षी जे कुणी येऊ शकले नाहीत त्यांना या वेळी बोलवा, खडकीच्या फॅक्टरीतले जुने लोक, आईच्या भिशीतल्या बायका, आणि कानपूरच्या त्या शेजारणींपैकी कुणाचा नंबर बाबांकडे असेल तर त्यांनाही फोन जाऊ दे. धार्मिक विधी बाबांना नको असेल तर नुसतं जेवण ठेवा आणि आईचा फोटो. फक्त कुणाकुणाला सांगायचं ती यादी तुम्ही करू नका, एक वही आणि पेन बाबांसमोर ठेवा आणि त्यांना करू द्या.